खडकावर ठेवलेली पेटी

ती घटना आठवली की आजही माझी नजर स्वतःच्या उजव्या हाताकडे जाते. त्या हाताने मी एका माणसाला मारलं होतं, आणि तेही तो खरं बोलत असताना.

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या हिवाळ्यात माझी बदली ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्यात झाली. मी मूळचा शहापूरजवळच्या सापगावचा. तोवरची सगळी नोकरी शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात गेलेली. बांधाचे तंटे, भाताची चोरी, जंगलातली तोड यांत माझा हात धरणारा कोणी नाही, अशी माझी समजूत होती. समुद्र मी लांबूनच पाहिलेला. फौजदाराला त्यातलं काय कळायला हवं, असंही मला वाटे.

आमच्या ठाण्यापासून चार मैलांवर खाडीच्या तोंडाशी कोळ्यांचं एक लहानसं बंदर होतं. भरतीला तिथल्या होड्या तरंगत, ओहोटीला चिखलात बसत. एका पौर्णिमेला दुपारच्या भरतीबरोबर मुंबईच्या एका हौशी व्यापाऱ्याची शिडाची यॉट तिथे आली. नांगर टाकून मालक ओळखीच्या बंगल्यावर जेवायला गेला. यॉटवर नोकर एकटाच राहिला. तो मुरबाडातल्या टोकावड्याकडचा, तिशीतला. नोकरीला लागून त्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. रात्री उशिरा मालक परतला तेव्हा यॉट झकास तरंगत होती, पण केबिनमधली लोखंडी पेटी नव्हती. पेटीत नौकांच्या शर्यतीत जिंकलेला चांदीचा चषक होता आणि त्याच्यावर मालकाचा जीव होता.

बंदरावरच्या एका दुकानदाराने खबर दिली, की संध्याकाळी हा गडी डोक्यावर पेटी घेऊन चिखलातून चालला होता. मग काय, आमचं काम सोपंच झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फिर्याद नोंदवली, यॉटचा पंचनामा केला आणि दुपारी आरोपीला धक्क्यावर उभं केलं.

"पेटी कुठंय?"

"साहेब, पानी आटलं नि बोट आडवी झाली. मला वाटलं, गेली आता बोट. मालकांनी सांगितलं व्हतं, काय बी झालं तरी पेटी जप. म्हनून नेऊन त्या खडकावर ठेवली."

"कुठल्या खडकावर?"

त्याने हात लांब केला. समोर या काठापासून त्या काठापर्यंत नुसतं पाणी होतं.

"समुद्रात ठेवलीस?"

"तवा पानी नव्हतं साहेब. तुमची बोली आमच्याकडलीच दिसते. तुमाला खोटं सांगीन का?"

हा गडी माझी थट्टा करतोय असं मला वाटलं. शिवाय चारचौघांत मला आपल्याकडचा म्हणतोय, याचाही राग आला. मी त्याच्या कानाखाली वाजवली. बरोबरचे शिपाई हसले. तो गालाला हात न लावता पाण्याकडेच बघत राहिला.

कोर्टाने पंधरा दिवसांची कोठडी दिली. त्याचा जबाब मी फिरवून फिरवून घेतला. सराईत माणूस दर वेळी काहीतरी जोडतो किंवा गाळतो. हा रोज तेवढंच सांगे, त्याच शब्दांत. चौथ्या दिवशी त्याचा थोरला भाऊ टोकावड्याहून आला आणि ठाण्याबाहेरच्या चिंचेखाली बसून राहिला.

"म्हातारी जेवत नाय साहेब," तो मला म्हणाला. "पोरानं चोरी केली का नाय, तेवढंच इचारून ये म्हनते. काय सांगू तिला?"

मी त्याला थांबायला सांगितलं. कोठडीला आठवडा झाला तेव्हा ओहोटीची वेळ विचारून मी आरोपीला घेऊन पुन्हा बंदरावर गेलो. पाणी थोडं उतरलं होतं, पण खडक कुठेच नव्हता. आता मात्र त्याचाही धीर सुटला. "इथंच व्हता साहेब," असं पुटपुटत तो मटकन खाली बसला. मी डायरीत लिहून टाकलं: आरोपी खोटं बोलतो.

आम्ही निघालो, तेव्हा जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या नाखव्याने विचारलं, "काय शोधतांव साहेब?"

मी सांगितलं. तो बोळक्या तोंडाने हसला.

"अवो, आता भांग चाललाय. भांगाचं पानी धड चढत नाय नि धड उतरत नाय. त्यो खडक उधाणाच्या ओहोटीलाच डोकं काडतो, पुनवंला नायतर अवसेला. अवसेला या."

"मग हे आधी का नाही सांगितलंत?"

"आमाला कोनी इचारलं?"

रात्र होण्याआधीच मी ठाण्यात येऊन पहिला पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'केबिनच्या दाराशी मालकाची गादी व बूट यांची दोन गाठोडी दोराने बांधलेली.' चोर चांदी घेऊन जातो, मालकाचे बूट कशाला बांधून ठेवील? हा माणूस दुसरी खेप न्यायला परतला होता आणि तेवढ्यात पाणी आलं होतं. ओळ मी लिहिली होती, पण वाचली नव्हती.

कोठडीचा शेवटचा दिवस अवसेचाच निघाला. मालक, पंच, आरोपी आणि मी यॉटवर जाऊन बसलो. दुपार कलली तसं पाणी हटू लागलं. बुडाला चिखल लागला आणि यॉट एका अंगावर कलली. मी एका हाताने कठडा धरला आणि दुसऱ्या हाताने केसचे कागद छातीशी घट्ट आवळले. मालक म्हणाला, "घाबरू नका फौजदार, ओहोटीला ती अशीच झोपते." मी आरोपीकडे पाहिलं. तो माझ्या छातीवरच्या कागदांकडे पाहत होता.

पाच वाजायच्या सुमारास समोर काळा खडक वर आला. गडी चिखलातून सरळ तिकडे गेला आणि कपारीतले धोंडे बाजूला केले. आत त्याची स्वतःची घोंगडी होती, आणि घोंगडीत गुंडाळलेली पेटी. चषक काळा पडला होता, एवढंच. मालकाने तो रुमालाने पुसला.

कोर्टाला अहवाल पाठवून मी त्याला सोडवलं. मारलं ते चुकलं, हे म्हणायचं माझ्या फार मनात होतं. पण फौजदाराने आरोपीची माफी मागायची रीत नव्हती, आणि त्या रीतीआड मी लपलो. त्याची घोंगडी मिठाने ताठ झालेली, म्हणून मी माझी पुढे केली. त्याने घेतली नाही. आपलीच झटकून खांद्यावर टाकली. भाऊ बाहेर वाट पाहत होता.

पुढे सगळ्या नोकरीत एक नेम पाळला. आरोपीचं पहिलं सांगणं कितीही वेडगळ वाटलं, तरी तो म्हणतो त्या वेळी, त्या जागी स्वतः जाऊन उभं राहायचं, आणि तिथल्या माणसांना आधी विचारायचं. पण हा धडा मला फुकट मिळाला नव्हता. त्याची किंमत दुसऱ्याच्या गालाने दिली होती.

त्या दिवशी ठाण्याच्या पायऱ्या उतरताना तो गडी थांबला होता.

"साहेब, तुमी सापगावचं ना? वाईट वाटून घेऊ नका. आपल्याकडं पूर गेला की गेला. गेलेलं पानी त्याच दिवशी परत येतं, हे तुमाला तरी कुटं ठावं असनार?"

एवढं बोलून तो भावाबरोबर निघाला. मी पायरीवर तसाच उभा राहिलो. माझी घोंगडी अजून माझ्याच हातात होती.