दक्षिणेकडे पाय

पाठदुखीने आईला झोप लागत नाही, म्हणून तिला घेऊन गादी घ्यायला गेलो. मी कापूस दाबून पाहत होतो, तोवर दुकानदार म्हणाला, “आजी, झोपूनच बघा की.” चपला काढून आई आडवी झाली. डोळे मिटले.

दुकानाचं दार दक्षिणेला, आणि तिचे पाय दाराकडे. घरात कुणी दक्षिणेला पाय करून नुसतं लवंडलं तरी “ती यमाची दिशा” म्हणून उठवणारी आई!

“आई, पाय दक्षिणेला आलेत.”

“ठाऊक आहे. असू दे. फार बरं वाटतंय.”

चांगलं अंथरूण म्हणजे एवढंच असेल का? जन्मभराची भीतीसुद्धा अंगावरून उतरावी, इतकं मऊ?

“पसंत पडली म्हणायची!” दुकानदार हसला.

मी गादीकडे पाहतच नव्हतो. आईचा पदर हलतोय का, तेवढंच बघत होतो.