मस्कतचा फोन

मस्कतच्या शाळेला इंग्रजीची शिक्षिका हवी होती आणि मुलाखत फोनवर होणार होती. बख्शी का तालाबच्या आमच्या एअरफोर्स क्वार्टरमध्ये मी आठवडाभर आरशासमोर इंग्रजी घोटत होते. फोन वाजला तो नेमका आईने उचलला. तिकडच्या मुख्याध्यापिका नागपूरच्या. आमचं आडनाव बघून त्या मराठीतच सुरू झाल्या. मग काय! तिथे कढीपत्ता मिळतो का, पोरीला सोबत कोण, आईने सगळं खोदून खोदून विचारलं. मी रिसीव्हरकडे हात नेला की डोळे वटारायची.

"अच्छा, पाठवते हां तिला," म्हणत तिने फोन ठेवला. मुलाखत संपली, नोकरी लागली.

माझं इंग्रजी बाई रुजू होताना तपासतील, अशी आशा होती. त्यांनी एवढंच विचारलं, "आईने मेतकूट दिलंय ना?"