वरच्या मजल्याचे फॉलोअर्स

म्युझियमचं सोशल मीडिया सांभाळते म्हटलं की लोक विचारतात, "मग दिवसभर करतेस काय?" सांगायला बसले तर चहा गार होतो, एवढे किस्से साठलेत!

आमचं छोटं खासगी म्युझियम जयपुरात, आदर्श नगरजवळ. खाली तलवारी, पगड्या आणि गर्दी. वर जुनी स्वयंपाकाची भांडी आणि भंवरलालजी. बावीस वर्षं ते त्या दालनाची राखण करतायत. वर कुणी फिरकत नाही, म्हणून ट्रस्टने ठरवलं, दिवाळीपर्यंत माणसं आली नाहीत तर दालन बंद, तिथे गोडाऊन. माणसं आणायची कुणी? मी! सांगलीची, आयटी सोडून आलेली.

*

पेजच्या इनबॉक्समध्ये सुरुवातीला रोज एकच मेसेज यायचा. आईचा. "जेवलीस का?"

वैतागून ऑटो-रिप्लाय लावला. "आपकी रुचि के लिए धन्यवाद। हम दस से पाँच खुले हैं, सोमवार को बंद।"

संध्याकाळी फोन आला. "दहा ते पाच दार उघडं, मग तुला जेवायला सोडतात ते फक्त सोमवारी?"

*

आमचे अध्यक्षसाहेब निवृत्त सरकारी अधिकारी. कागदावर नाही ते झालंच नाही, अशी त्यांची शिस्त. प्रत्येक पोस्टची प्रिंट सहीसाठी फाइलला लावायची. पहिली रील टाकली तेव्हा म्हणाले, "इसका भी प्रिंट निकालिए।"

"सर, ये तो चलती है!"

साहेबांनी क्षणभर विचार केला. "तो दोनों तरफ़ निकालिए।"

*

एका सकाळी वरच्या दालनातल्या चुलीचा फोटो टाकला. "आज आपके चूल्हे पर क्या पक रहा है?"

नेमका त्या दिवशी बासोडा, देवीचा सण! त्या दिवशी इथे घरोघरी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं गार जेवतात. अर्धा स्टाफ चाकसूच्या मेळ्याला का गेलाय, एवढं तरी मी विचारायचं होतं. कमेंट्समध्ये सगळं जयपूर माझ्यावर तुटून पडलं. "मैडम, माता से तो डरिए!"

मी पोस्ट काढणार, तेवढ्यात मेळ्यातून भंवरलालजींचा फोन. "रहने दो जी। बाईस साल में पहली बार मेरे चूल्हे पर किसी ने कुछ कहा है।"

*

मग भंवरलालजींनाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. म्हटलं, "एकदम नॅचरल रहिए।" ते सावधानमध्ये उभे राहिले.

"इस हंडे के बारे में कुछ बोलिए।"

"हाथ मत लगाइए।"

रील तुफान चालली! जवाहर नगरहून एक कुटुंब खास त्यांच्यासाठी आलं. मी खूश, म्हटलं आता वर जाणार. त्यांनी भंवरलालजींनाच खाली बोलावलं, सेल्फी काढला आणि निघून गेले.

*

दिवाळीला आठवडा उरला. खाली ट्रस्टची मीटिंग, विषय गोडाऊन. वर मी लाइव्ह सुरू केलं. भंवरलालजींना वाटलं, तालीमच चाललीय. ते मनापासून बोलत सुटले.

"इस परात में पूरी बारात का आटा गूँधते थे। मैं रोज़ पोंछता हूँ, इसको लगना चाहिए कि कोई आता है। साहब लोग तो नीचे बैठे-बैठे ही बंद कर देंगे। एक बार भी ऊपर नहीं आए।"

मला रडू यायला लागलं. लाइव्ह बघणारे सगळे मिळून सात जण.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गुडघ्यावर हात टेकत अध्यक्षसाहेब वर आले. हातात मोबाइल, त्यातून भंवरलालजींचाच आवाज येत होता.

भंवरलालजी उठले, हात जोडले आणि दाराशी ठेवलेलं व्हिजिटर रजिस्टर पुढे सरकवलं. "नाम लिखिए साहब। पहली बार पधारे हैं।"

साहेबांनी नाव लिहिलं. शेजारी रकाना होता, ‘कहाँ से आए’. तिथे पेन थांबलं. त्यांनी एकदा परातीकडे बघितलं आणि लिहिलं,

"नीचे से।"