आमेन म्हटल्यानंतर

ऑगस्टमधला दुसरा सोमवार. पहिली केस हर्नियाची. स्टाफ कमी होता, म्हणून ओटीची, म्हणजे ऑपरेशन थिएटरची, इन्चार्ज सिस्टर असूनही मीच स्क्रब केलं होतं. म्हणजे सर्जनसमोर उभं राहून त्याच्या हातात इन्स्ट्रुमेंट्स द्यायची.

पेशंट खापा गावचे भाऊरावजी. कमरेखाली बधिर केलेले, पण पूर्ण शुद्धीत. जांघेतला हर्निया उभं राहिलं की फुगतो, आडवं झालं की आत जातो. टेबलवर बाजू कळत नाही. म्हणून वॉर्डात मार्करनं बाण काढतात. भाऊरावजींनी तो सकाळी आंघोळीत घासून काढला होता. डॉक्टरांपुढे डाग घेऊन कसं जायचं, असं त्यांना वाटलं असावं.

चाकू लावण्याआधी सगळ्यांनी थांबून पेशंटचं नाव, ऑपरेशन आणि बाजू मोठ्यानं म्हणायची असते. याला टाइम-आउट म्हणतात. आमचं हॉस्पिटल मिशनचं, त्यामुळे ऑपरेशनआधी प्रार्थनाही होते. आमचे सीनिअर सर्जन डॉ. साळवे चर्चच्या कमिटीवर आहेत. वेळ वाचावा म्हणून ते टाइम-आउट प्रार्थनेतच उरकायचे. तो घेणं खरं तर माझं काम. पण प्रार्थनेला हरकत कोण घेणार?

"प्रभू, आम्ही कोणीच नाही, हात तुझेच आहेत. या भावाच्या उजव्या बाजूचा हर्निया तुझ्या हाती देतो."

"आमेन," सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

डॉक्टरांनी हात पुढे केला. "नाइफ."

मी नाइफ उचलला आणि मला भाऊरावजी आत येताना आठवले. डाव्या जांघेवर हात दाबून चालत होते.

"सर, बाजू?"

"उजवी. आत्ताच म्हटलं ना."

"एकदा फाइल बघू या."

"फाइल मी वाचलीय, सिस्टर. प्रार्थना झालीय. नाइफ द्या."

मी नाइफ ट्रेमध्ये परत ठेवला. डॉक्टरांचा हात तसाच पुढे राहिला. भूलतज्ज्ञ मॅडम मॉनिटरकडे बघू लागल्या.

मी पेशंटच्या छातीशी लावलेल्या पडद्याच्या वरून विचारलं, "भाऊरावजी, कोणत्या बाजूले हाय तुमचं?"

"डाव्या."

"मंग मगाशी काहून नाही बोलले?"

"तुमी सारे देवासंग बोलून राहिले होते न, बाई. मी मधात काहून बोलू? मले वाटलं, उजवीकडंबी काही सापडलं असन."

दुसऱ्या सिस्टरनं फाइल उघडली. डावी. डॉक्टरांनी कापडं काढली, डावी बाजू नव्यानं स्वच्छ केली. ऑपरेशन नीट झालं.

हात धुताना ते म्हणाले, "देवानं वाचवलं, सिस्टर."

"देवाला बाजू माहीत होती, सर. आपल्याला नव्हती."

त्यांनी नळ बंद केला. मग म्हणाले, "रिपोर्टमध्ये चूक माझी लिहा."

"तुमची लिहिते. टाइम-आउट माझा होता, तेही लिहिते."

दुपारी ते वॉर्डात गेले. खाटेजवळ उभं राहून, भाऊरावजींच्या बायकोसमोर, काय होणार होतं ते सांगितलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, "पन झालं तर नाही न, डाक्टरसायब?"

लहानपणापासून आम्हाला शिकवलं, नम्र माणूस मान खाली घालतो. त्या सकाळी टेबलाभोवती सगळ्यांच्याच माना खाली होत्या.

मंगळवारी पहिल्या केसला मी आधी पेशंटलाच विचारलं: नाव, ऑपरेशन, बाजू. त्या बाईंनी तिन्ही गोष्टी सांगितल्या. मग मी डॉक्टरांकडे वळले.

"सर, आता प्रार्थना करा."