साव्वासच्या दारावरचा पहारा

चर्चच्या स्मरणिकेत साव्वास हाल्कीतिसवर दोन पानं छापून आली आहेत. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा प्राध्यापक, तारांच्या दोरांवर एवढे निबंध, इतकी मानपत्रं. सगळं खरं. फक्त आम्ही त्याच्याशी काय केलं ते त्यात नाही. आम्ही म्हणजे मी. म्हणून लिहायला बसलो.

कालिम्नोस बेटावरून आम्ही दोघं एकाच जहाजाने ओहायोत आलो, नऊ-नऊ वर्षांचे. त्याचा बाप स्पंजासाठी बुडी मारणारा. खोल पाण्याच्या दाबाने त्याचे पाय लुळे पडले होते. इथे आमच्या लोकांनी पुलांना रंग द्यायचं काम धरलं. उंचीची भीती नाही, दोराची सवय, मालकांना आणखी काय हवं? मी सहावीतून शाळा सोडून पुलावर चढलो. साव्वास चढायचा तो उन्हाळ्यात. बाकी वर्षभर पुस्तकं. आम्ही चिडवायचो, "अरे, ब्रश आहे तो, पेन्सिल नाही!" तो हसायचा आणि आमच्यापेक्षा सरळ पट्टा मारायचा.

प्राध्यापक झाला तरी राहिला आमच्याच गल्लीत. विद्यापीठात जायला रोज तासभर गाडी हाकायचा. चर्चचा बॉयलर बंद पडला की हातात पाना घेऊन हाच. कुणाच्या मुलीचं गणित, कुणाचा सरकारी अर्ज, सगळं ह्याच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

बेटावर बुडी मारणाऱ्याचा दोर परक्याच्या हाती देत नसत. भाऊ, मेहुणा, रक्ताचा माणूसच तो धरायचा. ती रीत मी पुलावर आणली. ज्या टांगत्या फळीवर उभं राहून आम्ही रंगवतो तो आमचा झुला कंपनीचा माणूस टांगणार नाही, आम्हीच टांगू, यासाठी मी नऊ दिवस काम बंद पाडलं आणि जिंकलो. तेव्हा साव्वास म्हणाला होता, "नोमिकोस, तागाचा दोर वेगळा, तारेचा वेगळा. तारेचं दुमडलेलं टोक आवळून धरणारा क्लॅम्प कुठल्या बाजूने बसवायचा ते ठरलेलं असतं. शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये या, दाखवतो."

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आमच्या आजोबांनी समुद्राच्या तळाशी माणसं सोडली आणि वर ओढली. आता मास्तर आम्हाला दोर बांधायला शिकवणार?" मोठा हशा झाला. शनिवारी कुणी गेलं नाही.

जूनमध्ये मिकेस पडून गेला. माझा आतेभाऊ. नदीवरच्या पुलाला टांगलेला त्याचा झुला एका बाजूने सुटला.

कंपनीचा दोर सडका होता, असं मी गल्लीभर सांगितलं आणि त्याच्या बायकोला, एव्दोकियाला, खटला भरायला लावला. तुटका दोर तपासायचं काम कोर्टाने साव्वासला दिलं. मी खूश, आपला माणूस!

अहवाल देण्याआधी तो माझ्या अंगणात आला. बसला नाही.

"दोर चांगला होता," तो म्हणाला. "क्लॅम्प उलटे होते. सपाट बाजू ओझ्याच्या दोरावर यायला हवी, ती मोकळ्या टोकावर होती. यू-आकाराच्या बोल्टने ओझ्याचाच दोर चिरडला."

"कोण म्हणतं?"

"तारेवरचे वळ म्हणतात."

मग तो तिथेच उभा राहिला. मला बोलायला जागा देत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही असं लिहिणं सोपं आहे, पण ते खोटं होईल. ते क्लॅम्प मी बसवले होते. मिकेसचा रक्ताचा माणूस मीच होतो ना.

"किती दिले रे कंपनीने?" मी ओरडलो, चार घरं ऐकतील असा. "बापाचे पाय समुद्राने खाल्ले, तुझी लाज कुणी खाल्ली?"

तो वळून गेला. मी त्याला गद्दार ठरवलं, पत्रक काढलं, गल्लीने मानलं. माझ्या शब्दाला वजन होतं.

पाच डिसेंबर, संत साव्वासचा दिवस. आपल्या नावाच्या संताचा दिवस तो आपला नामदिन, आणि नामदिनाला आमच्यात कुणी बोलावत नाही. दार उघडं असतं, माणसं येतात. न जाणं म्हणजे तोंडावर थुंकणं. मी गल्लीला थुंकायला सांगितलं, आणि कुणी चुकू नये म्हणून दुपारपासून त्याच्या घरासमोर कॉलर वर करून उभा राहिलो.

म्हातारा थेमेलिस आला. "काय रे, इथे बस थांबते का हल्ली?"

"कुठे निघालात काका?"

"कुठे नाही बाबा. पाय मोकळे करायला."

"कोटात बाटली घेऊन?"

म्हातारा शिव्या पुटपुटत मागे फिरला. खिडकीतून साव्वासची बायको दिसत होती. मांडलेल्या बशा ती पुन्हा पुन्हा सरळ करत होती.

तेवढ्यात एव्दोकिया आली. काळे कपडे, हातात फडक्यात बांधलेलं पातेलं. नवरा जाऊन सहा महिने. अशी बाई कुणाच्या नामदिनाला जात नाही.

"वहिनी, इकडे कुठे? त्याने तुझा खटला बुडवला!"

"बाजूला व्हा, भावोजी. तो आधी माझ्याकडे आला होता. क्लॅम्प उलटे होते म्हणाला. मी विचारलं, कुणी बसवले? म्हणाला, ते मी नाही सांगणार, तो स्वतः येईल. लहानपणापासून ओळखतो मी त्याला." तिने माझ्याकडे पाहिलं. "तेव्हापासून दाराकडे बघतेय मी."

मी म्हणालो, "मी बसवले."

ती रडली नाही, ओरडली नाही. पातेलं तेवढं दुसऱ्या हातात घेतलं. "आत चला," म्हणाली. "त्याच्यासमोर सांगा."

पन्नास माणसांचं टेबल मांडलेलं, खुर्च्या रिकाम्या. साव्वास टाय लावून बसला होता. त्याची बायको आनंदाने धावली आणि माझ्या हातात मुरंब्याचा चमचा दिला. चमचा तोंडात घालण्याआधी उदंड आयुष्य चिंतायचं असतं. मी तो हातातच धरला.

"साव्वास, ते मी बांधलं होतं."

"माहीत आहे."

"मग अहवालात का नाही लिहिलंस?"

"झुला का सुटला, एवढंच मला विचारलं होतं. बाकीचं तुझं होतं." मग म्हणाला, "दुसऱ्या पुलांवरचे झुलेही तूच बांधलेत, तेही माहीत होतं. कोर्टाने दिलेला तपासणीचा पास होता माझ्याकडे. मिळाला त्याच दिवशी वर जाऊन पाहून आलो. सात झुल्यांचे क्लॅम्प उलटे निघाले. फिरवून ठेवले."

छप्पन वर्षांचा माणूस, गुडघा दुखरा. एकटा चढला होता. आणि त्या सात झुल्यांवर त्यानंतर काम केलेली चौदा माणसं धडधाकट, आपापल्या घरी बसली होती, माझ्या सांगण्यावरून.

मुरंबा तसाच ठेवला. रस्ता ओलांडला आणि थेमेलिसकाकाचं दार वाजवलं. कसं सांगायचं ते ठरवलं नव्हतं. पण आता एकेक दार करत, सगळीकडे ते मलाच सांगायचं होतं.