जिताड्यासाठी सतारीची तार

माझी सतार सासरी पहिल्यांदा माळ्यावरून खाली उतरली ती एका माशामुळे. हसू नका, खरं सांगते.

लग्न होऊन अंधेरीला आले तेव्हा सामानात सतार होती. सासूबाईंनी ती जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि माळ्यावर ठेवून दिली. "आपल्यात सुना वाजवत नाहीत," एवढंच म्हणाल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण नवी नवरी मी, बोलणार काय? भांडी घासताना बोटांची टोकं चाचपायची. तारेने पडलेले घट्टे दिवसेंदिवस मऊ होत चालले होते. ते गेले की हात गेला, आणि हात गेला की सगळंच गेलं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, फोर्टातल्या एका कचेरीत हेडक्लार्क. रविवारी मात्र वेसाव्याच्या खाडीवर गळ टाकून बसायचे. काठी नाही की रीळ नाही. काथाच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी, ती थेट बोटावर. सगळा जीव जिताडा या एका माशावर. आता या जिताड्याच्या कल्ल्यांवरचं झाकण असतं पात्यासारखं धारदार. गळाला लागला की तो असा काही हिसडा देतो की दोरी कापलीच म्हणून समजा. म्हणून गळ आणि दोरी यांच्यामध्ये हातभर तार बांधायची. ती तार निवडताना मामंजी मुलीला स्थळ बघावं तशी चिकित्सा करायचे. पितळेची मऊ पडते, लोखंडाची जाड तार बघून मासा तोंड फिरवतो, एक ना दोन.

एका शनिवारी ते गिरगावातून सतारीच्या पोलादी तारेचं वेटोळं घेऊन आले.

"सूनबाई, ही तपासून दे. तारेला कुठे मुरड पडली असली की नेमकी तिथेच तुटते. डोळ्यांना दिसत नाही. कानाला कळेल का?"

"कळेल की. खोटी वाजते."

"मग उतरव तुझी सतार."

सासूबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. "हे काय चाललंय?"

"जिताडा खायचाय ना तुला?" मामंजी म्हणाले. जिताड्यापुढे सासूबाईंचं काही चालत नसे. त्या पीठ मळायला आत गेल्या.

मी तार चढवली, छेडली आणि म्हटलं, "ठीक आहे." पण मामंजींचं समाधान होईना. "एकाच जागी काय तपासतेस? वरपासून खालपर्यंत बघ." मी पडद्यापडद्यावरून बोट नेलं. "आता ओढून बघ. आडवी. मासा काय सरळ ओढतो होय?"

अहो, आडवी ओढणं म्हणजे मींड! मी तार ओढली, सूर अलगद वर चढला आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मामंजी खिडकीबाहेर बघत अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

तपासलेली तार उतरवून ते घेऊन गेले. खाऱ्या पाण्यात पोलाद एका फेरीतच गंजतं, त्यामुळे दर शनिवारी नवी तार आणि नवी तपासणी. जिताडा कधी मिळे, बहुतेकदा नाहीच. पण तपासणी लांबत गेली. पुढे पुढे तर एका तारेला तासभर लागू लागला. माझे घट्टे परत आले. त्या माणसाला मी तेव्हा मनातल्या मनात किती नमस्कार केले असतील!

आणि मग आमच्या ह्यांनी घात केला. कुठूनसा नायलॉनचा धागा पैदा करून आणला आणि वडिलांना म्हणाले, "दादा, बघा तरी! पाण्यात दिसत नाही, गंजत नाही. पुढे याचाच जाड तुकडा बांधा, तारेची कटकटच संपली."

अस्सा राग आला ना मला! मामंजींनी धागा बोटाला गुंडाळून बघितला आणि म्हणाले, "झकास आहे रे." त्या शनिवारी सतार माळ्यावरच राहिली.

रविवारी सासूबाईंनी सकाळीच वाटण वाटून ठेवलं. मामंजी आले ते हात हलवत. धाग्याचं तुटकं टोक पुढे धरून म्हणाले, "एवढा मोठा होता! कल्ल्याने कापून गेला बघ." सासूबाईंनी ते टोक उजेडात धरलं. मग त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि कडाडल्या, "पुरे झाली ही नवी थेरं! तारच बांधा ती." नायलॉनवर आम्ही पुढे कपडे वाळत घालू लागलो. सगळे घसरून मधोमध गोळा व्हायचे.

काही वर्षांनी मामंजी गेले. शनिवार येत होते, जात होते. सतारीला हात लावायचा मला धीर होईना. मीच ती लुगड्यात गुंडाळून ठेवली.

एका शनिवारी सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "आज तार तपासायची नाही का गं?"

"आई, आता खाडीवर जायचंय कुणाला?"

"खाडीचं नको सांगूस मला. जन्म गेला माझा मासे कापण्यात. कल्ल्याने तुटलेला धागा फिसकटतो. तुझ्या मामंजींनी आणलेलं टोक कसं सरळ होतं. अडकित्त्याने कापलेलं."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? मला कान नव्हते होय?" त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "वाजव. आणि ते आडवं ओढतेस ना, ते जरा सावकाश. त्यांना तेच आवडायचं." थोड्या वेळाने म्हणाल्या, "मलाही."

वेटोळ्यातली शेवटची तार उरली होती, ती मी चढवली. त्या शनिवारी ती कुणी उतरवली नाही.