रिकामा डबा परत देऊ नये

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, म्हणून आधीच सांगते. गेल्या हिवाळ्यात मी लातूर सोडून परत नांदेडला जायला निघाले होते, आणि त्याला कारण होते स्टीलचे डबे.

मी इथल्या एका खाजगी कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. भाषा पायथन. वय चाळिशीच्या पुढं. लग्न केलं नाही; आधी आईचं दुखणं होतं, आणि ते सरलं तोवर विचारणारी माणसंही सरली होती. आई गेल्यावर नांदेडच्या घरात भाऊ, वहिनी, त्यांच्या मुली आणि मी असे उरलो. मला कुणी जा म्हणालं नाही, खोटं कशाला बोलू. फक्त आईची खोली मुलींच्या अभ्यासाची झाली, माझं कपाट गॅलरीत आलं, आणि एकदा दारात कुणी विचारलं तेव्हा धाकटी पुतणी म्हणाली, "आत्या आलेली हाय आमच्याकडं." ज्या घरात माझा जन्म झाला, त्या घरात मी आलेली होते! पोरीचा काय दोष? मी पेपरातली जाहिरात बघून लातूरच्या कॉलेजात अर्ज टाकला.

लातूर हे बाहेरून शिकायला आलेल्या पोरांचं गाव आहे. पोरं येतात, ट्यूशन लावतात, मेसचा डबा खातात आणि परीक्षा झाली की जातात. त्यामुळं नव्या माणसाकडं कुणी फारसं बघत नाही. मीसुद्धा मेसचा डबा लावला. कॉलेजातून आलं की कुलूप काढायचं, दिवा लावायचा, डबा खायचा. शनिवारी दुपारी बोललेलं शेवटचं वाक्य सोमवारी सकाळी वर्गात पुढं चालू व्हायचं. मधल्या वेळात घशाला काही काम नव्हतं.

समोरच्या दारात एक काकू राहतात. उदगीरकडच्या, लिंगायत, गळ्यात इष्टलिंग. नवऱ्याचं भुसार मालाचं दुकान होतं. ते गेले, दुकान मोडलं, मुलगा हैदराबादला नोकरीला. घरात त्या एकट्या आणि दुखरा गुडघा. मी राहायला आले त्या आठवड्यातच त्यांनी दार वाजवलं. हातात डबा. "हुग्गी केली व्हती. खाऊन बघ माय, आमच्याकडची हाय." हुग्गी म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर. मी उभ्याउभ्याच अर्धा डबा संपवला. कितीतरी महिन्यांनी कुणी माझ्यासाठी म्हणून काही वाढलं होतं.

आता इथं आमच्या आईचा दंडक आडवा आला. शेजारचा डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे तर सगळ्यांच्याच घरी असतं. आई त्याच्याही पुढची. मूठभर साखर घालून डबा परत देणं म्हणजे परक्यासारखं करणं, असं तिचं मत. आपल्या माणसाच्या डब्यात हातचं केलेलंच गेलं पाहिजे. आणि मला तर काकू आपल्या वाटायला हव्या होत्या. तेव्हा साखर बाद. हातचं करायचं, तर माझ्या स्वयंपाकघरात चहाचं पातेलं, एक तवा आणि अर्धी पिशवी पोहे. मी डबा लख्ख घासला, ओट्यावर ठेवला आणि ठरवलं, रविवारी काहीतरी करू.

रविवारी शंकरपाळ्या केल्या. त्या खायला दात नव्हे, अडकित्ता लागला असता. फेकून दिल्या.

तोवर दुसरा डबा आला, धपाट्यांचा. मग शेंगदाण्याच्या चटणीचा. मग उकडशेंगुळ्यांचा, म्हणजे फोडणीच्या पाण्यात उकडलेल्या ज्वारीच्या पिठाच्या वळ्यांचा. दर वेळी काकू दारात दोन मिनिटं थांबायच्या, "काय करून राहिलीस? जेवलीस का?" एवढं विचारायच्या आणि भिंतीला धरून परत जायच्या. त्या दोन मिनिटांवर माझा आठवडा निघायचा. डबे घासून मी ओट्यावर ओळीनं मांडत होते आणि येत्या रविवारची वाट बघत होते. रविवार यायचा, मला माझ्या शंकरपाळ्या आठवायच्या, आणि तो तसाच जायचा.

कॉलेजात त्या सुमारास रिकाम्या लिस्टचा धडा चालला होता. पायथनमध्ये काही गोळा करायचं असेल, तर आधी रिकामी लिस्ट करून ठेवावी लागते. एक नाव लिहायचं, बरोबरचं चिन्ह करायचं, पुढं चौकोनी कंस उघडायचा आणि लगेच मिटायचा. आत काही नाही. नेमकी हीच ओळ मुलं विसरतात. थेट भरायला घेतात, आणि यंत्र म्हणतं, या नावाचं इथं कुणी नाही.

चाकूरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आत काहीच न्हाई तर ती ओळ लिहायची कशाला?"

लातुरात याचं उत्तर अवघड नाही. इथं नळ आज येईल म्हणावं तर चार दिवसांनी येतो. यायच्या दिवशी घरोघर शिळं पाणी झाडांना घालून हंडे, कळश्या, टिपाडं रिकामी करून ठेवतात. मी म्हटलं, "नळ आल्यावर हंडा शोधायला जाता का तुम्ही? आधी रिकामं भांडं खाली ठेवायचं, मग पाणी." वर्ग हसला. वहीत लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात अर्ध्या वर्गाची तीच चूक. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. हे मी मुलांबद्दल म्हणत होते.

दिवाळीच्या आसपास काकूंचे डबे बंद झाले.

पहिल्या आठवड्यात वाटलं, दिवाळीची गडबड असेल. मी नांदेडला जाऊन पाहुणीसारखी दिवाळी करून आले. आल्यावरही काही नाही. समोर कुकरची शिट्टी व्हायची, फोडणीचा वास माझ्या दारापर्यंत यायचा आणि तिथंच थांबायचा. एकदा काकू जिन्यात भेटल्या. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं, तशी मी "उशीर झालाय, काकू" म्हणत खाली पळाले. ओट्यावर त्यांचे डबे ओळीनं बसलेले. कोणत्या तोंडानं थांबणार? मला खात्री होती, त्या म्हणत असणार, शिकलेली बाई आहे, पण रीत नाही. खाल्लं आणि डबेही दाबून बसली.

आता जाऊन नुसते डबे द्यावेत, तर इतक्या दिवसांनी रिकामे? आणि भरून द्यावेत, तर कशानं? बाजारातून मिठाई आणावी असं मनात आलं, पण ते त्यांच्या हुग्गीला पैसे मोजल्यासारखं झालं असतं. मी मुळातच मानी. मानी माणसाचं असंच होतं, तो उपाशी राहतो आणि वर दार लावून घेतो.

याच दिवसांत वर्गात सेट शिकवायची वेळ आली. सेट म्हणजे संच, एकदा आलेलं पुन्हा न घेणारा. भरलेला सेट महिरपी कंसात लिहितात. मुलांना साहजिकच वाटतं, तेच महिरपी कंस आत काही न घालता लिहिले की रिकामा सेट झाला. होत नाही. रिकामे महिरपी कंस डिक्शनरीचे, म्हणजे प्रत्येक नावापुढं त्याची किंमत मांडणाऱ्या यादीचे. डिक्शनरी या भाषेत आधी आली आणि तिनं ते घेऊन टाकले. रिकाम्या सेटला स्वतःचे कंसच नाहीत. त्याला सेट हा शब्द लिहून पुढं साधे गोल कंस जोडावे लागतात. आणि भरलेल्या सेटमधलं सगळं काढून टाकून तो छापायला सांगितला, तर महिरपी कंस दिसत नाहीत, तोच शब्द आणि गोल कंस दिसतात.

हे मी नांदेडपासून वर्षानुवर्षं शिकवत आले आहे. त्या दिवशी मात्र पडद्याकडं बघता बघता मला आमचं घर आठवलं. आई होती तोवर नांदेडचं घर आमचं होतं. आई गेली आणि त्याच भिंती भावाच्या झाल्या. त्यानं काही हिसकावलं नाही, त्या आधीपासून त्याच्याच होत्या. आई होती म्हणून मला दिसलं नव्हतं. मी मुलांकडं पाठ करून उगाच फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी वहिनीचा फोन आला. म्हणाली, "तिथं एकट्या कशाला राहून राहिल्यात, ताई? इथं या. पोरींची शिकवणी घ्या." बोलली मायेनंच. मला वाटलं, पाहुणी तर पाहुणी, निदान ताटाशेजारी ताट तरी असेल. इथं समोरचं दारसुद्धा बंद झालं. मी प्राचार्यांना सांगितलं की पुढच्या सत्राला बहुधा मी नसेन. त्यांनी पक्कं काय ते नव्या वर्षाच्या आत कळवा म्हटलं.

मग येळवस आली. कागदावर वेळ अमावस्या, बोलताना येळवस. बाहेरच्यांना सांगून खरं वाटत नाही, पण त्या दिवशी लातूर शहर रिकामं होतं. ज्याचं शेत आहे तो शेतात जातो, ज्याचं नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. दुकानांची शटरं खाली, रस्त्यावर कुत्रं नाही. शेतात कडब्याची कोप म्हणजे खोपटी करून पूजा, मग आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हे. पालेभाज्या, ओले दाणे, वाटाणा, तूर असं शेतातलं सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेली भाजी. मला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणजे सहकारी म्हणाले होते, "या की मॅडम," पण ते चालता चालता, जिन्यावर. मी हो म्हटलं नाही.

मेसवालाही शेतात गेलेला. दुपारी मी पोहे भिजवले आणि खिडकीशी उभी राहिले. इतकी शांतता होती की समोरच्या घरातलं घड्याळ ऐकू येत होतं असं वाटलं. आणि मग काहीतरी जोरात पडलं. भांडं. पाठोपाठ काकूंचा आवाज, "अगं माय गं!"

त्या घरात असतील हे माझ्या ध्यानातच नव्हतं. मी धावले. दार नुसतं लोटलेलं. काकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि समोर मोठं पातेलं कलंडलेलं, फरशीवर भज्जी.

"लागलं का, काकू?"

"मला कशाचं लागतंय. भज्जी गेली की." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "गुडघ्यानं शेतात जाणं झालं न्हाई. पुतण्या सकाळीच पातेलं भरून देऊन गेला. म्हणलं, तुला द्यावी. तू घरातच हायस, तुझ्या भांड्यांचा आवाज आला."

"आणि अख्खं पातेलं उचललंत? एवढंसं डब्यात—"

"डब्यात?" काकूंनी माझ्याकडं बघितलं. "डबे हायत कुठं माय? समदे तुझ्याकडं. झाकणाचा एक न्हाई उरला. दिवाळीपासून शिजवते आन् कशात देऊ म्हणून बसते. आज म्हणलं, वाटीनं काय द्यावं, पातेलंच न्यावं, तर गुडघ्यानं दगा दिला."

मी त्यांच्याशेजारी फरशीवर बसले. विचारलं, "मग मागितले का नाहीत?"

"दिलेला डबा कुणी मागतं व्हय? डब्यासाठी जीव टाकते म्हणली असतीस. जिन्यात एकदा मागणार व्हते, तर तू पळालीस."

"माझ्याकडं त्यात घालायला काही नव्हतं, काकू. रिकामे कसे आणू?"

काकूंनी कलंडलेलं पातेलं सरळ केलं. मग म्हणाल्या, "मी डबा द्यायची ते काय डबा भरून यावा म्हणून? डबा परत द्यायला तरी कुणी दार वाजवंल म्हणून. ह्या दाराला पोस्टमनबी येत न्हाई."

मी रडले. लाज वाटली नाही. नंतर मी फरशी पुसली, पातेल्यात तळाशी राहिलेली भज्जी दोन ताटल्यांत घेतली, आणि आम्ही समोरासमोर बसून जेवलो. मग माझ्या घरी जाऊन सगळे डबे उचलून आणले, रिकामेच. काकूंनी ते मांडणीवर ठेवले आणि त्यातला एक लगेच खाली काढून म्हणाल्या, "उद्या येसराची आमटी करते." प्राचार्यांना मी कळवलं, राहते म्हणून.

संक्रांतीनंतर मुलगा येऊन काकूंना हैदराबादला घेऊन गेला, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. निघताना त्यांनी माझ्या हातात एक डबा दिला. मी सवयीनं दोन्ही हातांनी धरला, तर हलका लागला.

"रिकामा हाय," त्या म्हणाल्या. "असू दे तुझ्याकडं."

ऑपरेशन झालं. मुलगा म्हणतो, आता आई इथंच बरी. काकू फोनवर म्हणतात, इथं लिफ्ट हाय, सून चांगली हाय, समदं हाय. त्या येतील की नाही, मला माहीत नाही. समोरच्या दाराला कुलूप आहे आणि संध्याकाळी जिन्यावर मी एकटीच असते. रविवारी शंकरपाळ्या करते. आता बऱ्या होतात. वर्गात नेते, मुलं फस्त करतात. त्या डब्यातून मात्र नेत नाही. नळाच्या दिवशी तो घासते, कोरडा पुसते आणि ओट्यावर ठेवते.

परवा फोनवर काकूंनी विचारलं, "माझा डबा हाय ना गं?"

"हाव, हाय."

"त्यात काही भरून ठिवलं न्हाईस ना?"

"न्हाई, काकू. रिकामाच हाय."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि बराच वेळ दोघींपैकी कुणीच फोन ठेवला नाही.